नंबर वाढतो तेव्हा डोळा वाढतो

अंजनगाव सुर्जीसारख्या तालुक्याच्या गावी शाळेत नेत्रतपासणी झाली की दूरचे न दिसणारी मुले आपल्याकडे येतात. ‘नंबर वाढला’ असे आपण पालकांना सांगतो, तेव्हा बहुधा डोळाच लांबलेला असतो. जन्मतः सुमारे १७ मिलिमीटरचा डोळा मोठेपणी २४ मिलिमीटरच्या आसपास थांबतो. एक मिलिमीटर जास्त झाला, तर अडीच डायॉप्टरहून अधिक मायोपिया होतो. इतक्या बारकाव्याने ही वाढ आवरते कोण?

रेटिना. १९८७ साली जोश वॉलमन आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या पिलांचे अर्धेच दृश्यक्षेत्र झाकले, तर डोळ्याचा तेवढाच भाग लांबला. ऑप्टिक नर्व्ह कापल्यावरही झाकलेला डोळा लांबत राहिला; मेंदूच्या हुकुमाची गरजच पडली नाही. प्रतिमा धूसर झाली की रेटिनातल्या पेशींचे रासायनिक संदेश बदलतात, ते कोरॉइडमधून स्क्लेरापर्यंत पोचतात, स्क्लेरा पातळ होते आणि ताणली जाते. डोपामिन या साखळीत वाढ आवरणारा संदेश मानला जातो, आणि उजेडात ते जास्त स्रवते.

ग्वांगझूच्या शाळांत मुलांना रोज ४० मिनिटे जादा बाहेर नेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीन वर्षांत ३०.४ टक्के मुलांना नव्याने मायोपिया झाला, इतर शाळांत ३९.५ टक्के. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात दुपारी मुलांना मैदानात पाठवायचे नाही, हे खरेच. पण सकाळी, किंवा कडुनिंबाच्या सावलीतही, वर्गाच्या कितीतरी पट उजेड असतो. चष्म्याच्या चिठ्ठीवरच ‘रोज दोन तास बाहेर’ असे लिहून द्या.

मुलांचा नंबर थेंब टाकूनच काढा. मुद्दाम कमी नंबर देण्याची जुनी सवय सोडा. त्याने मायोपिया थांबत नाही. बायोमेट्री मोतीबिंदूच्या रुग्णांपुरती ठेवू नका. दर सहा महिन्यांनी, त्याच मशीनवर, मुलाच्या डोळ्याची लांबी नोंदवा. ती झपाट्याने वाढत असेल, तर कमी मात्रेच्या अ‍ॅट्रोपीनचा विचार करा. तान्ह्या बाळाला मोतीबिंदू असेल किंवा पापणीने बाहुली झाकली असेल, तर एक दिवसही न थांबता अमरावतीला पाठवा. स्पष्ट प्रतिमेवाचून दृष्टीही घडत नाही आणि डोळ्याची वाढही चुकते.

लांबलेला डोळा पुन्हा पहिल्यासारखा करणारा उपचार आपल्याकडे नाही, आणि रेटिना सुटण्याचा, काचबिंदूचा वाढीव धोका त्या मुलाला जन्मभर राहतो. म्हणून मायोपियाची काळजी वाढीच्या वर्षांतच, शक्यतो पहिला चष्मा लागण्याआधी, सुरू झाली पाहिजे.