सरळ रस्त्यावर एक दगड उभारा

माननीय महासंचालक,
भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, नवी दिल्ली
यांस,

सकाळी सातच्या सुमारास दिवाडीची फेरीबोट जुन्या गोव्याच्या धक्क्याला लागते. स्कूटर खडखडत उतरतात, त्यांच्यामागून टोपल्या घेतलेल्या बायका येतात आणि सगळे व्हाइसरॉयच्या कमानीखालून आपापल्या कामाला लागतात. गोव्यात गेले की मी याच वेळी तिथे जाऊन उभी राहते, कारण एके काळी इथल्या बाजारातला लिलाव याच वेळी सुरू होई.

डच प्रवासी लिन्स्खोटेन १५८३ मध्ये गोव्यात आला आणि आर्चबिशपच्या पदरी राहिला. १५९६ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात या बाजाराचे वर्णन आहे. कमानीपासून वर जाणारी रुआ दिरेता, म्हणजे सरळ रस्ता. रविवार आणि सणवार सोडून रोज सात ते नऊ इथे बोली चाले. अरबी घोडे, मसाले आणि माणसे, सगळे एकाच रस्त्यावर. माणसे मोझांबिकची, बंगालची, पार चीन-जपानकडचीसुद्धा. पुढे १६०८ मध्ये आलेल्या पिरार द लाव्हाल या फ्रेंच माणसाने भावही लिहून ठेवले आहेत. चांगला घोडा ५०० पर्दावांना (पर्दाव हे तेव्हाचे नाणे). माणूस फार तर २०-३० पर्दावांना. भरतकाम, मुरंबे, वाद्य वाजवणे, मुलीला जे येत असेल ते गिऱ्हाइकाला सांगायचे. हे वाचल्यापासून त्या रस्त्यावरून मला भराभर चालता येत नाही.

ते शहर याच माणसांच्या हातापायांवर चालले. धन्याच्या डोक्यावरची छत्री, पालखीचा दांडा, बायंगिणीच्या झऱ्यावरून आणून दारोदार विकलेले पाणी. पाण्याचे पैसेही मालकाचे. गुलामांच्या व्यापारावर पोर्तुगालने १८३६ मध्ये बंदी घातली, गुलामी कायद्याने संपली ती १८६९ मध्ये. तोवर हे शहर ओस पडून राजधानी पणजीला गेली होती. १९८६ पासून इथली चर्चे आणि मठ जागतिक वारसा आहेत, आणि ती जपलीच पाहिजेत.

हे सगळे पोर्तुगिजांच्या माथी मारून मोकळे व्हावे, असे मला म्हणायचे नाही. पेशवे दप्तरात बटकी आणि कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीची कागदपत्रे आहेत. ती वाचताना मान खाली जाते.

आपल्या जुन्या गोव्यातल्या संग्रहालयात गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची तैलचित्रे ओळीने लावलेली आहेत. प्रत्येकाला नाव आहे, चेहरा आहे. त्यांच्या समोरच्या भिंतीवर लिन्स्खोटेनच्या ग्रंथातले त्या बाजाराचे चित्र मोठे करून लावा. आणि सरळ रस्त्याच्या तोंडाशी एक दगड उभारा. तो रस्ता आपल्या एकट्याच्या अखत्यारीत नसेल, तर गोवा शासनाच्या पुरातत्त्व खात्याला सोबत घ्या. त्या माणसांची नावे आपल्याकडे नाहीत, पण मुलूख ठाऊक आहेत, ते तरी कोरा. आफ्रिकी माणसासाठी कोकणीत 'खापरी' हा शब्द आहे. तो पोर्तुगिजांच्या 'काफ्र'मधून आला. तोही त्या दगडावर असू द्या.

मजकूर कोकणी-मराठीत असावा, ठळक अक्षरांत, आणि सातच्या फेरीतून टोपली घेऊन उतरणाऱ्या बाईला मान वर न करता वाचता येईल इतक्या उंचीवर.

आपली नम्र,
एक पर्यटक