सावलीतले तापमान आणि उन्हातली मजुरी

चैत्र सरत आला की विदर्भ-मराठवाड्यावरचे आकाश निरभ्र होते, वायव्येकडून कोरडे वारे वाहू लागतात आणि वृत्तपत्रांत चंद्रपूर, अकोला, ब्रह्मपुरी, परभणी या नावांपुढचे आकडे चढू लागतात. यामागचे कारण गूढ नाही. जमिनीत ओल असली तर सूर्याच्या उष्णतेचा बराच भाग त्या ओलीची वाफ करण्यात खर्ची पडतो. रब्बीची पिके निघून गेल्यावर उघडी पडलेली काळी जमीन भेगाळली की ही वाट बंद होते आणि तीच उष्णता सरळ हवा तापवू लागते. समुद्र दूर असल्यामुळे खाऱ्या वाऱ्याचा दिलासाही नाही. कोकणात पारा इतका चढत नाही; मात्र तेथील दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. म्हणूनच खात्याने मैदानी प्रदेशात किमान ४० अंश आणि किनाऱ्यावर ३७ अंश अशी उष्णतेच्या लाटेची वेगवेगळी मर्यादा ठरविली आहे.

वेधशाळेची थट्टा करणे हा मराठी माणसाचा जुना छंद आहे. पावसाचा अंदाज वर्तविला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद ऐकतच दोन-तीन पिढ्या वाढल्या. १८७५ साली स्थापन झालेल्या आणि १८८६ पासून हिमालयातील बर्फावरून मान्सूनचे भाकीत करू पाहणाऱ्या या खात्याने तो सोसला; १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यास आलेल्या त्याच्या कार्यालयाला पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. परंतु उष्णतेच्या बाबतीत हा विनोद आता शिळा झाला आहे. लाटेचा इशारा चार-पाच दिवस अगोदर मिळतो, पिवळा-नारिंगी-लाल अशा रंगांत मिळतो आणि बहुधा खरा ठरतो. तेव्हा अंदाज बरोबर की चूक हा वाद सोडून देऊन, अंदाज कळल्यावर त्यानुसार वागण्याची ऐपत कोणाजवळ आहे, हे विचारावयास हवे.

खात्याचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर ठेवलेला असतो. त्याला ऊन लागत नाही, वारा मात्र खेळता मिळतो. शास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच आहे, नाही तर दोन गावांची तुलनाच करता येणार नाही. पण ४४ अंश हा जो आकडा छापला जातो तो त्या पेटीतला, म्हणजे सावलीतला असतो. डांबर ओतणारा मजूर, वीटभट्टीवर कच्च्या विटा रचणारी बाई, पत्र्याच्या छपराखाली शिलाईयंत्र चालविणारा कारागीर यांपैकी कोणीही त्या पेटीत राहत नाही.

व्याख्येतही एक मेख आहे. लाट जाहीर होण्यासाठी कमाल तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक असावे लागते, अथवा पारा ४५ वर जावा लागतो. मे महिन्यात चंद्रपूरची सरासरीच ४३ च्या आसपास असते. याचा अर्थ असा की तेथे ४४ अंशांचा दिवस खात्याच्या दप्तरी लाटेचा दिवस ठरत नाही. हवामानशास्त्राला ही व्याख्या सोयीची असेल, मजुराच्या मूत्रपिंडाला सरासरी कळत नाही. उलट १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला पारा चाळिशीच्या आतच होता, तरीही भर उन्हात चाललेल्या सरकारी समारंभाला आलेल्या श्रोत्यांपैकी डझनाहून अधिक माणसे उष्माघाताने दगावली.

आता शासनाचा सल्ला पाहावा. दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नये, भरपूर पाणी प्यावे, सैल सुती कपडे घालावेत. सल्ला निर्दोष आहे. फक्त तो ज्याला दिला जातो त्याची मजुरी कशी ठरते, याचा विचार त्यात नाही. मातीकाम असो, विटा पाडणे असो की तेंदूपत्त्याची पुडकी बांधणे असो, मजुरी तासावर नव्हे तर मापावर मिळते. उन्हाने जमीन दगडासारखी झाली की तेवढेच घनमीटर खणायला अधिक श्रम लागतात. त्यात तीन तास सावलीत बसावे, तर त्या विश्रांतीची किंमत मजुराच्या हाजरीतून वळती होते. दरपत्रक न बदलता दिलेला विश्रांतीचा सल्ला हा व्यवहारात मजुरीकपातीचा हुकूम ठरतो. तेंदूपत्ता तोडणारी कुटुंबे पहाटेच जंगलात शिरतात, ती काही पत्रके वाचून नव्हे. जेथे वेळ स्वतःच्या हाती असते तेथे श्रमिकाला शहाणपण शिकवावे लागत नाही.

महाराष्ट्राने तरी हे विसरू नये. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. शेतीला काम नसते तेव्हाच हमीच्या कामाला गर्दी होते, म्हणजे हे मुळातच उन्हाळ्याचे काम. २००५ च्या केंद्रीय कायद्याने कामावर पिण्याचे पाणी, सावली आणि प्रथमोपचार यांची तरतूद लिहून ठेवली होती. आंध्र प्रदेश व तेलंगणात तर उन्हाळी महिन्यांत मापातच सवलत देण्याची पद्धत पडली होती. केरळचे कामगार खाते दर उन्हाळ्यात उघड्यावरच्या कामांना दुपारची सुट्टी देऊन तास सकाळ-संध्याकाळकडे सरकवते. या गोष्टींना यंत्रे लागत नाहीत, परदेशी तज्ज्ञही लागत नाहीत.

पैशाचा प्रश्न निघाला की यादी पुढे केली जाते. २०२१ ते २०२६ या काळासाठी आपत्ती निधीच्या राष्ट्रीय यादीत थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती; ती वाढविण्याची गरज पंधराव्या वित्त आयोगाला वाटली नाही. तमिळनाडूने २०२४ मध्ये स्वतःच्या अधिकारात उष्णतेला आपत्ती मानले. यादीबाहेर राहिल्याचा खरा तोटा मोजणीत दिसतो. रात्री झोपेत गेलेल्या म्हाताऱ्याच्या दाखल्यावर हृदयविकार लिहिला जातो आणि उन्हाचे नाव येत नाही. अहमदाबादेत मे २०१० मधील एकूण मृत्यूंची इतर वर्षांशी तुलना केल्यावर १,३४४ मृत्यू अधिक आढळले. त्या हिशेबातूनच २०१३ मध्ये त्या शहराची उष्णता कृती योजना निघाली. मोजल्यावाचून काही निघाले नसते.

हा हिशेब गावोगाव करता येतो. ग्रामपंचायतीच्या मृत्यूनोंदवहीत मागील पाच वर्षांचे एप्रिल, मे आणि जून हे महिने शेजारी मांडण्यास एक सायंकाळ पुरते. १ मे रोजी ग्रामसभा भरते. कार्यकर्त्यांनी ही नोंद तेथे वाचून दाखवावी, गावातील सार्वजनिक कामे सकाळी सहाला सुरू करून अकराला थांबविण्याचा आणि उन्हाळ्यापुरते माप एकचतुर्थांशाने उतरविण्याचा ठराव मांडावा, आणि त्याची प्रत तहसीलदाराच्या कार्यालयातून पोच घेऊन यावी. पोचेवर तारीख आहे ना, हे तेवढे पाहून घ्यावे.