चाळीस गुण आणि उरलेले साठ

मण्यार चावली की अनेकदा फारसे दुखत नाही, सूजही येत नाही. काही तासांनी पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि श्वास मंदावतो. कारण विष चेतातंतूकडून स्नायूकडे जाणारा संदेश अडवते. घोणस चावली तर रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. जुन्नर-आंबेगावच्या शेतशिवारात हे दोन्ही साप आहेत. यामागचे चेतासंस्था आणि रक्ताचे धडे महाविद्यालयाच्या जीवशास्त्रात असतात; पण ते ‘ऑप्शनला टाकून’ही विद्यार्थी पास होतो.

शंभरात चाळीस मिळाले की उत्तीर्ण. उरलेले साठ कोणते, हे गुणपत्रिका सांगत नाही. जीवशास्त्रात मात्र एक धडा दुसऱ्यावर उभा असतो. पेशीपटल समजले नाही तर परासरण समजत नाही. मग शिरेतून साधे पाणी न देता ०.९ टक्के मिठाचे सलाइन का देतात, हे नुसते पाठ करावे लागते.

यावर अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये ‘प्रभुत्वासाठी अध्ययन’ हा मार्ग मांडला. अभ्यासक्रमाचे छोटे भाग करायचे, प्रत्येकाची चाचणी घ्यायची, चुकलेले दुरुस्त करून नव्या प्रश्नांनी पुन्हा तपासायचे. या धर्तीच्या गुणांकनात शेरा साधा असतो: ‘आले’ किंवा ‘अजून आले नाही’. आपल्याकडे एमबीबीएसचा अभ्यासक्रमही २०१९ पासून क्षमताधिष्ठित झाला. ठरावीक कौशल्ये विद्यार्थ्याला स्वतः करता येतात, हे शिक्षकाला प्रमाणित करावे लागते.

याचा मोठा फायदा पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यातून येणाऱ्या मुलांना होईल. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलीला अकरावीपासून विज्ञान एकदम इंग्रजीत भेटते. तिची पहिली चाचणी भाषेमुळे बिघडते आणि सरासरीत ते गुण वर्षभर तिला खाली ओढतात. प्रभुत्वाच्या पद्धतीत शेवटी काय येते, तेच धरले जाते.

मात्र दुसरी संधी म्हणजे सवलत नव्हे. या पद्धतीत विद्यार्थी बहुधा एकाच ठिकाणी अडकतात: फेरचाचणी ‘नंतर देऊ’ म्हणत सत्राच्या शेवटी ढीग साचतो. म्हणून चुकलेला भाग त्याच आठवड्यात हाती घ्यावा. धडा पुन्हा वाचत बसण्यापेक्षा पुस्तक मिटून आकृती काढावी, घरच्यांना मराठीत समजावून सांगावे आणि कुठे अडखळलो ते लिहून ठेवावे. अडखळलेली जागा म्हणजेच पुढचा अभ्यास.

शिक्षकांवर तपासणीचा बोजा वाढेल, हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी जुन्नर, मंचर आणि घोडेगावच्या महाविद्यालयांनी मिळून प्रश्नपेढी करावी. आधीच्या चुकांचे स्पष्टीकरण लिहून आणणाऱ्यालाच फेरचाचणी द्यावी. सुरुवात सगळ्या अभ्यासक्रमापासून नको, दहा मूलभूत संकल्पनांपासून पुरे.

याच वर्गांतून उद्याच्या परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि शिक्षक निघणार आहेत. पापण्या जड झालेला रुग्ण समोर आला, तर त्यांना नेमका तोच धडा यावा लागेल. तिथे ऑप्शन नसतो.