पंगतीला तराजू हवा

बंगळूर शहराच्या दक्षिण भागात, कनकपुरा रस्त्याला लागून, बनशंकरी नावाची मोठी वस्ती आहे. ज्या देवीच्या मंदिरावरून या वस्तीस हे नाव मिळाले, ती देवी मराठी वाचकांस परकी नाही. तिचे मूळ ठाणे बदामीजवळ चोळचगुड्ड येथे असून महाराष्ट्रातील कित्येक घराण्यांची ती कुलदेवता आहे. शाकंभरी हे तिचेच दुसरे नाव होय. दीर्घ अवर्षणात सारी सृष्टी उपाशी असता देवीने आपल्या देहातून भाजीपाला उत्पन्न करून प्राणिमात्रांस जगविले, अशी पुराणकथा आहे. आणि म्हणूनच पौषातील शाकंभरी नवरात्रात तिला नाना प्रकारच्या भाज्यांचा नैवेद्य दाखविण्याची चाल आहे.

अन्नाविषयी यापेक्षा अधिक आदर कोणता समाज दाखवू शकेल? तरीही लग्नसराईच्या दिवसांत रात्री उशिरा एखाद्या कल्याणमंटपाच्या मागील दाराशी उभे राहावे. मग ते बंगळुरात असो की पुण्यात किंवा नागपुरात असो. भाताने भरलेली पिंपे, अर्धवट खाल्लेल्या होळिग्यांसह गुंडाळलेली केळीची पाने आणि न वाढलेल्या सांबाराची पातेली तेथे दिसतात. हे दृश्य पाहून आपण लोकांच्या बेपर्वाईस दोष देतो आणि उपदेशास प्रारंभ करतो. प्रस्तुत लेखकाचे मत याहून निराळे आहे. आपल्या समाजात अन्नाविषयीचा आदर कमी नाही. कमतरता आहे ती मापाची. शेतात किती पिकले हे आपण मोजतो, बाजारात किती विकले हेही मोजतो, परंतु पानावरून किती गेले हे कोणी मोजीत नाही. आणि जे मोजले जात नाही ते सुधारतही नाही.

एका आकड्याची गोष्ट

या बाबतीत बंगळूरने एक स्तुत्य प्रयत्न केला होता, हे प्रथम सांगितले पाहिजे. तेथील कृषिविज्ञान विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी शहरातील ७५ मंगल कार्यालयांची पाहणी केली आणि २०१२ च्या सुमारास तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शहरातील लग्नसमारंभांत वर्षाला ९४३ टन चांगले अन्न वाया जाते आणि तेवढ्यात २ कोटी ६० लक्ष लोकांस एक वेळचे जेवण देता येईल, अशा शब्दांत ही वार्ता वृत्तपत्रांतून देशभर पसरली. ती आजही भाषणांतून व लेखांतून उद्धृत होते.

वाचकाने येथे क्षणभर थांबून पाटीवर साधा भागाकार करून पाहावा. ९४३ टन म्हणजे ९ लक्ष ४३ हजार किलोग्रॅम. त्यास २ कोटी ६० लक्षांनी भागले असता माणशी सुमारे ३६ ग्रॅम अन्न येते. हे जेवण नव्हे. दोन-तीन घास झाले. पहिला आकडा दसपट असता तर माणशी ३६० ग्रॅम, म्हणजे बेताचे का होईना, एक जेवण झाले असते. मूळ पाहणीतून वर्तमानपत्रात येता येता कोठे तरी एका शून्याचा घोटाळा झाला असावा, असा तर्क करता येतो. परंतु चूक कोणाची हा मुद्दा नाही. इतकी वर्षे हा आकडा हजारो लोकांनी वाचला आणि त्यावर हळहळ व्यक्त केली. भागाकार मात्र क्वचितच कोणी केला असेल. उधळपट्टीविषयी आपल्याला दुःख पुष्कळ होते, पण तिचे प्रमाण जाणण्याची उत्सुकता फारशी नसते, हेच यावरून दिसते.

जगाच्या पातळीवर स्थिती थोडी बरी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या वर्षात दुकाने, उपाहारगृहे व घरे मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. यात साली, हाडे इत्यादी न खाण्याजोगा भागही धरलेला आहे. त्यापैकी सुमारे ६० टक्के घरांतून आणि २८ टक्के उपाहारगृहे व सार्वजनिक भोजनव्यवस्थांतून गेले. तथापि अनेक देशांविषयीचे हे आकडे थोड्याशा पाहण्यांवरून बांधलेले अंदाज आहेत, हे तो अहवालही मान्य करतो.

नजर आणि माप

शेतीच्या बाबतीत आपली स्थिती एके काळी अशीच होती. पीक किती आले हे गावचा पाटील किंवा महसुली अधिकारी नजरेने ठरवीत असे. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, आठ आणे म्हणजे निम्मे. या पद्धतीस आणेवारी म्हणत आणि महाराष्ट्रात पैसेवारी या नावाने ती अद्याप चालू आहे. नजर अनुभवी असली तरी तिच्यावर भीतीचा, स्वार्थाचा आणि सवयीचा पगडा असतो. १९४० च्या दशकात ही उणीव दूर करण्याच्या कामी ज्यांनी पुढाकार घेतला, त्यांत सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे हे प्रमुख होते. गावे, शेते आणि शेतातील तुकडा ही सर्व चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने निवडावयाची, तेवढ्या तुकड्यातील पीक कापावयाचे, मळावयाचे आणि वजन करावयाचे, ही पीककापणी प्रयोगाची पद्धत त्यांनी रूढ केली. पुढे १९५१ पासून दोन दशके सुखात्मे यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाची धुरा सांभाळली.

सुखात्मे यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. कापणीसाठी घेतलेला तुकडा फार लहान असेल तर उत्पन्नाचा अंदाज वाजवीपेक्षा अधिक येतो. कारण सीमेवरची रोपे मोजणाऱ्याच्या हातून नकळत आत ओढली जातात. माप घेणेही सावधपणाचे काम आहे, हा त्यातील बोध होय.

आज आपल्या मोठ्या स्वयंपाकघरांत चालते ती आणेवारीच. आचाऱ्याची नजर हे तेथील एकमेव माप असते.

जपून केलेली उधळपट्टी

अन्न उरते ते उधळेपणाने, अशी आपली समजूत असते. पुष्कळदा ते सावधपणाने उरते. उदाहरणादाखल असे समजा की, ८०० माणसे जेवतील असा यजमानाचा खरा अंदाज आहे. ऐनवेळी कमी पडू नये म्हणून तो मक्तेदारास दहा टक्के अधिक सांगतो. मक्तेदार त्याच भीतीने आचाऱ्यास आणखी दहा टक्के अधिक सांगतो आणि आचारी आपल्या मनाने आणखी दहा टक्के चढवितो. परिणामी ८०० च्या जागी सुमारे १,०६५ माणसांचे अन्न शिजते. तिघांपैकी एकालाही उधळ्या म्हणता येणार नाही. प्रत्येकाने आपापली अब्रू राखली, इतकेच. अन्न कमी पडले तर त्याची चर्चा वर्षभर होते; अन्न उरले तर ते रात्रीच्या काळोखात निघून जाते आणि त्याचा हिशेब कोणाच्याही वहीत लिहिला जात नाही. चुकीच्या एका बाजूस मोठी शिक्षा आणि दुसऱ्या बाजूस काहीच नाही, अशा स्थितीत शहाणा माणूससुद्धा त्या दुसऱ्या बाजूसच चुकणार.

या उदाहरणातील २६५ माणसांच्या वाढीव भातासाठी माणशी १०० ग्रॅम तांदूळ धरला तरी साडेसव्वीस किलोग्रॅम तांदूळ लागतो. एक किलोग्रॅम तांदळामागे शेतात सरासरी अडीच हजार लिटर पाणी पावसाचे किंवा कालव्याचे द्यावे लागते, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे केवळ त्या एका रात्रीच्या भातापायी ६६ हजार लिटर पाणी खर्ची पडले. शिवाय शिजविण्यास व भांडी धुण्यास लागणारे पाणी वेगळे. बंगळुरास येणारे कावेरीचे पाणी तोरेकाडनहळ्ळीहून सुमारे १०० किलोमीटर अंतर आणि जवळजवळ ५०० मीटर चढ ओलांडून याच कनकपुरा रस्त्याच्या दिशेने पंपांनी वर आणले जाते. ते स्वस्त नाही.

उरलेल्याची वाट

यावर दोन उपाय नेहमी सुचविले जातात. उरलेले गरिबांस वाटावे, हा पहिला. हेतू चांगला आहे आणि जेथे व्यवस्था आहे तेथे ते अवश्य करावे. त्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये नियमही केले आहेत. परंतु विज्ञानाचा इशारा ध्यानात घेतला पाहिजे. बॅसिलस सिरियस या जंतूची बीजुके भात शिजविल्यानेही मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला म्हणजे ती रुजतात आणि त्यांतून निर्माण होणारे एक विष पुन्हा उकळल्यानेही नाहीसे होत नाही. शिजलेले अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली ठेवावे, हा नियम त्यासाठीच आहे. रात्री अकरा वाजता पिंपात जमा झालेला कोमट भात हे दान नव्हे, तो धोका आहे. शिवाय भुकेल्यांचे जेवण दुसऱ्याच्या चुकीवर अवलंबून ठेवणे उचित नाही. त्यांच्यासाठी वेगळे, मोजून शिजविलेले अन्न हवे. कर्नाटकात २०१७ पासून चाललेली इंदिरा कँटीन किंवा शाळांतील माध्यान्ह भोजन यांमागील विचार हाच आहे.

खरकट्यापासून वायू किंवा खत करावे, हा दुसरा उपाय. तोही उपयुक्त आहे आणि त्यात मराठी शास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी निसर्गऋण संयंत्र विकसित केले. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने शेणाऐवजी पिठूळ पदार्थांवर चालणारे घरगुती संयंत्र बनविले. त्यास २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. हेच खरकटे ढिगाऱ्यात पुरले गेले तर हवेवाचून कुजून मिथेन वायू सोडते आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. बंगळूरचा कचरा मंडूर गावाजवळ टाकला जाई, तेव्हा त्याच्या दुर्गंधीने व दूषित पाण्याने गावकरी हैराण झाले. त्यांच्या दीर्घ विरोधानंतर २०१४ च्या अखेरीस तेथे कचरा टाकणे थांबले. तेव्हा संयंत्रे हवीतच. परंतु सुवासिक तांदूळ पिकवून, दळणवळण करून, शिजवून अखेर त्याचा वायू करणे म्हणजे चंदनाची मोळी करून चुलीत घालण्यासारखे आहे. सालीसाठी ती जागा योग्य, भातासाठी नव्हे.

कायद्याचा मार्गही आपण चोखाळून पाहिला आहे. १९६० च्या दशकातील धान्यटंचाईच्या काळात अनेक राज्यांत समारंभातील पाहुण्यांच्या संख्येवर मर्यादा घालणारे हुकूम निघाले होते. त्यांनी पाहुणे मोजले, उरलेले अन्न मोजले नाही. टंचाई ओसरली आणि हुकूमही विस्मृतीत गेले.

तीन पिंपे आणि एक काटा

काय करावयाचे ते अवघड नाही. प्रत्येक मंगल कार्यालयात, वसतिगृहात व खानावळीत तीन पिंपे आणि एक वजनकाटा असावा. पहिल्या पिंपात साली, देठे. दुसऱ्यात शिजले पण वाढले गेले नाही ते. तिसऱ्यात पानावर टाकलेले. तिघांची कारणे निराळी आहेत, म्हणून उपायही निराळे. पहिले अपरिहार्य आहे, ते खतास जावे. दुसरे भरले तर अंदाज चुकला. त्यावर इलाज असा की, भात एकदम न शिजविता पहिल्या पंगतीची पाने मोजून पुढील हंडा चुलीवर चढवावा. तिसरे भरले तर वाढप चुकले. तेथे आग्रह आवरावा, वाढप्याचा डाव लहान करावा आणि हवे त्यास पुन्हा वाढावे. रोजचे वजन एका वहीत लिहून ठेवावे आणि बिलाबरोबर ते यजमानासही कळवावे. आज अदृश्य असलेली चूक अशाने दृश्य होईल, आणि आचाऱ्याची अनुभवी नजरही त्या वहीमुळे अधिक अचूक बनेल.

मापाने आतिथ्यास उणेपणा येईल, अशी शंका काहीजण घेतील. परंतु उपाशी कोणी उठू नये ही आतिथ्याची कसोटी आहे. पिंप भरले पाहिजे ही नव्हे.

हे काम शाळांनी प्रथम हाती घ्यावे, असे आम्हांस वाटते. दहा विद्यार्थी, एक ताणकाटा आणि एक वही एवढे साहित्य पुरे आहे. भोजनाच्या वेळी चिठ्ठ्या टाकून दहा ताटे निवडावीत. भरलेली दिसतात तीच ताटे उचलू नयेत, कारण सुखात्म्यांच्या शेतातील सीमेवरच्या रोपांसारखी ती आपणांस फसवितील. त्यांवर उरलेले अन्न आठवडाभर तोलावे, सरासरी काढावी आणि फलकावर लिहावी. दुसऱ्या आठवड्यात काही न बोलता पुन्हा तोलावे. आकडा खाली आला तर का आला, याचा विचार वर्गात करावा. न आला तर तोही निष्कर्षच आहे, आणि तोदेखील फलकावर लिहावा.

देवीने आपल्या देहातून दिलेली भाजी कोणी तोलली नव्हती, हे खरे. पण ती अवर्षणातली गोष्ट होती. तेव्हा उरले असेल असे वाटत नाही.