लाखेची माडी

मराठीच्या प्राध्यापकाला बोलण्याखेरीज काही करता येत नाही, हा आमच्या घरातला जुना आरोप. यंदा दसरा झाल्यावर तो खोडून काढायचे मी ठरवले. आमच्या पुण्यातल्या वाड्याला माडी आहे आणि माडीची जमीन सागवानी फळ्यांची. वडील होते तोवर ते दर दोनतीन वर्षांनी तिला स्वतः पॉलिश करीत. ते गेले आणि फळ्यांची रया गेली.

दुकानदाराने लॅकरचा डबा पुढे केला. मी त्याला म्हटले, "लॅकर हा शब्द मूळचा आपल्या लाखेचाच. पोर्तुगीजांच्या तोंडी बसून विलायतेला गेला आणि साहेब होऊन परत आला."

"असेल सर. एक लिटर देऊ की चार?"

शेवटी मी ओळखीच्या मिस्त्रींना घरी आणले. त्यांनी कोपऱ्यातल्या फळीवर स्पिरिटचा बोळा घासला. बोळा तांबूस झाला. "आधीचं काम चपड्याचं आहे, सर. चपड्यावर चपडाच चांगला धरतो. पण त्याला पाणी सोसत नाही. ओला तांब्या ठेवलात की पांढरा डाग पडलाच म्हणून समजा."

चपडा म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेचे पातळ पापुद्रे. पळस, बोर, कुसुंब यांच्या फांद्यांवर बसणारा एक इवलासा कीटक स्वतःभोवती राळेचे घर करतो, तीच ही लाख. रात्री चपडा स्पिरिटमध्ये भिजत घातला तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, लाखेचं घर करताय, विदुराला कळवलंत ना?" थट्टा सोडा, पण स्पिरिट भडकायला वेळ लागत नाही. म्हणून माडीवर उदबत्तीसुद्धा न्यायची नाही आणि खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या, असा हुकूम तिने काढला.

दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर घेऊन बसलो. नेहमी लाकडाच्या रेघांच्या दिशेने घासायचे. आडवे घासले तर ओरखडे पॉलिशखालून उठून दिसतात. घासत घासत खिडकीपाशी आलो. तिथे बशीएवढा काळा डाग आहे. 1989 च्या दिवाळीत संध्याकाळी पाऊस लागला होता आणि मी भुईचक्रासाठी भोकाड पसरले होते. एरवी अत्यंत शिस्तीचे आमचे वडील उठले आणि त्यांनी ते माडीवरच लावले. त्यानंतर आईने त्यांना जे ऐकवले, तेही मला आठवते.

तो डाग जोर लावून घासू लागलो, तोच आई जिन्यात येऊन उभी राहिली.

"तेवढं राहू दे."

"अगं आई, आणखी थोडं घासलं की निघून जाईल."

"म्हणूनच सांगत्येय. आयुष्यात एकदाच वेड्यासारखे वागले ते."

मी पेपर खाली ठेवला.

पुढचे काम चुकतमाकत झाले. कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून पातळ हात द्यायचा, तो सुकला की दुसरा. मी मात्र पहाटेच सुरुवात केली. रात्री पाऊस होऊन गेलेला, हवा दमट. फळ्यांवर ताकासारखी पांढरी झाक आली. घाबरून मिस्त्रींना फोन केला. "ऊन चढू द्या सर, मग स्पिरिटचा हलका बोळा फिरवा," ते म्हणाले. दुपारी तसे केले आणि झाक गेली. वर्गात धीराचे महत्त्व सांगणाऱ्या माणसाला ते घरी फोनवरून ऐकावे लागले.

तिसरा हात सुकला तेव्हा संध्याकाळचे ऊन खिडकीतून आत आले होते. पॉलिश जुनेपण झाकते, अशी माझी इतके दिवस समजूत होती. पण लाख पारदर्शक असते. लाकडाची एकेक रेघ, खिळ्यांची डोकी, खुर्च्या ओढल्याच्या खुणा, सारे उजळून वर आले. तो डाग तर पूर्वीपेक्षा अधिक काळाभोर दिसू लागला.

लक्ष्मीपूजनाला आई यंदा माडीवर रांगोळी काढणार आहे. जागा तिने आधीच ठरवली आहे: खिडकीपाशी, त्या डागाभोवती. आणि ओला तांब्या घेऊन तिकडे फिरकायचे नाही, अशी तंबी साऱ्या घराला, मुख्यतः मला, मिळालेली आहे.