शेजारधर्म आणि शेजाऱ्याचा कुत्रा

मनुष्यास जे शेजारी लाभतात ते त्यानें निवडून घेतलेले नसतात. भाऊबंदांप्रमाणें तेही योगायोगानेंच वांट्यास येतात, आणि त्यांच्याशीं गोडीनें राहणें यालाच आपल्या लोकांनीं शेजारधर्म असें सार्थ नांव दिलें आहे. जुन्या वाड्यांतून व चाळींतून जात्याची घरघर, पोराचें रडणें, म्हाताऱ्याचा खोकला हें सर्व भिंतीपलीकडून ऐकूं येत असे. त्याबद्दल सहसा कोणी फिर्याद करीत नसे. कारण आवाजामागें एक जीव आहे व त्यास कांहीं तरी होत आहे, हें ऐकणाऱ्यास कळत असे. पोर फार वेळ रडलें तर शेजारीण दारांत येऊन 'काय झालें हो?' म्हणून विचारी. ती आवाज बंद पाडावयास येत नसे, विचारपूस करावयास येत असे. आणि विचारपूस झाली म्हणजे आवाज बहुधा आपोआप थांबे. आज आमच्या शहरांतून जे तंटे वारंवार उपस्थित होतात त्यांपैकीं एक शेजाऱ्याच्या कुत्र्याच्या भुंकण्याचा होय. आणि नेमकी हीच विचारपूस त्यांत कोणी करीत नाहीं. ती करणें किती अगत्याचें आहे, हें दाखविण्यासाठीं आजचा लेख आहे.

तंट्याचें स्वरूप ठरलेलें असतें. एका बाजूस रात्र रात्र डोळ्यास डोळा न लागलेलें कुटुंब असतें: घरांत दुखणाईत माणूस, परीक्षेस बसलेला मुलगा, पहाटे उठून मार्केट यार्डांत जाणारा आडत्या. दुसऱ्या बाजूस कुत्र्याचा मालक असतो. त्याचें उत्तर एकच: 'कुत्रा आहे, तो भुंकणारच, माझ्या घरांत मीं काय पाळावें हें सांगणारे तुम्ही कोण?' पुढें शिवीगाळ होते, सोसायटीच्या सभेंत ठराव येतात, पोलीस चौकीवर अर्ज जातात, आणि अखेर एखादा अविचारी मनुष्य अन्नांत विष कालवून तें फाटकाआंत टाकतो. या सर्व प्रकारांत वादी दिसतो, प्रतिवादी दिसतो. परंतु मुख्य साक्षीदार जो कुत्रा त्याची जबानी घेण्याचें कोणास सुचत नाहीं. वास्तविक ती जबानी रात्रभर चाललेलीच असते.

ती काय आहे तें पाहूं. अनोळखी पाऊल वाजलें असतां कुत्रा भुंकतो व कारण दूर होतांच थांबतो. हें त्याचें स्वाभाविक कर्म आहे, आणि तेवढेंही ज्यास सोसवत नाहीं त्यानें वस्तींत न राहणेंच बरें. परंतु जो कुत्रा तासन्तास एकाच सुरांत ओरडतो, त्याच्या ओरडण्यास बहुधा कांहीं कारण असतें, आणि तें दूर करणें बहुधा मालकाच्या हातीं असतें. कुत्रा हा कळपानें राहणाऱ्या लांडग्याचा वंशज. हजारों वर्षांच्या सहवासानें मनुष्याचें कुटुंब हाच त्याचा कळप झाला आहे. असा प्राणी सकाळीं ९ पासून रात्रीं ९ पर्यंत बंद घरांत एकटा ठेविला, किंवा गच्चीवर दोन हात साखळीस बांधून जेथें खाणें तेथेंच निजणें व तेथेंच मलमूत्र करणें त्याच्या नशिबीं आणलें, तर त्यानें ओरडूं नये तर करावें तरी काय? त्यास मनुष्याप्रमाणें सर्वांगास घाम सुटत नाहीं. धापा टाकूनच अंगांतील उष्णता बाहेर घालवावी लागते. म्हणून वैशाखांतल्या दुपारीं पत्र्याच्या छपराखालीं बांधलेला आणि ज्याचें पाण्याचें भांडें कलंडलें आहे असा कुत्रा केवळ अस्वस्थ नसतो, तो मरणाच्या वाटेवर असतो. मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज कळतो, तर कुत्र्याच्या कानास ४०,००० हून अधिक कंपनांचाही कळतो; तेव्हां आपणांस जी रात्र शांत वाटते ती त्यास शांत असतेच असें नाहीं. याशिवाय गोचिडांचा उपद्रव, कानाचें दुखणें, म्हातारपण हीं कारणें आहेतच. अलीकडे तर हौसेनें कळस गांठला आहे. सैबेरियाच्या बर्फांत घसरगाडी ओढणारी हस्की जात, उन्हाळ्यांत ज्या नागपुराचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेथेंही पाळली जाते. ज्याच्या अंगावर ईश्वरानें दुहेरी लोकर घातली त्यास विदर्भाच्या उन्हांत बाल्कनींत बांधावें, आणि तो ओरडला म्हणजे त्यास वाईट खोडीचा म्हणावें, यास काय म्हणावें?

आमच्या वाचकांत व्यापारी मंडळी पुष्कळ आहेत. म्हणून वखारीच्या कुत्र्याविषयीं दोन शब्द स्वतंत्र लिहितों. मालाच्या राखणीस कुत्रा ठेवणें यांत गैर कांहींच नाहीं. परंतु दिवसा लोखंडी कड्यास बांधलेला, रात्रीं कुलूपबंद आवारांत सोडलेला, उरलासुरला भात खाणारा आणि वर्षानुवर्षें फाटकाबाहेर न गेलेला कुत्रा रात्रभर भुंकतो, तेव्हां शेठजी समजतात कीं पहारा चोख चालला आहे. ही समजूत हिशेबाच्या दृष्टीनेंही खोटी आहे. जो सदाच ओरडतो त्याच्या ओरडण्यावरून चोर आला कीं वारा आला हें कोणास कळावें? लांडगा आल्याची खोटी हांक मारणाऱ्या पोराची गोष्ट आपण लहानपणीं ऐकली आहे. येथें त्या पोराचा दोष नाहीं, त्यास रात्रंदिवस हांक मारावयास लावणाऱ्याचा आहे. पोटभर जेवलेला, दोन वेळां फिरविलेला, धन्याच्या माणसांस ओळखणारा कुत्रा गप्प राहतो, आणि भुंकतो तेव्हां त्याच्या भुंकण्यास किंमत असते. पहारेकऱ्यास पगार न देतां काम घेणारा व्यापारी आपल्यांत बदनाम होतो. मग या मुक्या पहारेकऱ्याचें देणें खातेवहींत कां धरलें जाऊं नये?

मुंबईच्या व्यापारी वर्गानें या बाबतींत एके काळीं जी संवेदना दाखविली ती स्मरणीय आहे. १८३२ सालीं सरकारनें मोकाट कुत्रे मारण्याचा सपाटा चालविला, तेव्हां पारशी मंडळींनीं हरताळ पाडला व इतर समाजांचे लोकही त्यांत मिळाले. त्या प्रसंगीं जो दंगा झाला त्याचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु रस्त्यावरच्या कुत्र्यासाठीं ज्यांनीं दुकानें बंद ठेविलीं, त्यांच्याच शहरांत आज दारच्या कुत्र्यास घोटभर पाणी मिळूं नये, हा विरोध आम्हांस डांचतो.

आपल्या धर्मकथांत कुत्र्यास जें स्थान आहे तें तरी कमी कोठें आहे? दत्तमूर्तीच्या पायांशीं चार कुत्रे बसलेले आपण रोज पाहतों. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें नामदेव तुपाची वाटी घेऊन धांवले, हें कीर्तनांत ऐकून आपल्या डोळ्यांस पाणी येतें. कुत्र्यास सोडून स्वर्गांत जाण्यास धर्मराज कबूल झाला नाहीं, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु महाभारताच्या आदिपर्वांतील सरमेची कथा त्याहूनही आम्हांस येथें अधिक लागू वाटते. जनमेजयाच्या सत्रांत सरमेचें पोर शिरलें. त्यानें हविर्द्रव्यास तोंड लावलें नव्हतें, त्याकडे पाहिलेंही नव्हतें. तरी राजाच्या भावांनीं त्यास मारलें. तें ओरडत आईकडे गेलें. सरमा यज्ञस्थानीं आली आणि तिनें विचारलें कीं, ज्यानें कांहीं अपराध केला नाहीं त्यास कां मारलेंत? तिला कोणींच उत्तर दिलें नाहीं. तेव्हां तिनें शाप दिला कीं, न दिसणारें भय तुमच्यावर येईल. शापावर कोणाचा विश्वास असो वा नसो. निरपराध्याची हांक ऐकून जी सभा गप्प बसते ती सभा नव्हे, हा कथेचा अर्थ कोणासही नाकबूल करतां येणार नाहीं.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. कारण दोन्ही पक्ष कायद्याच्या धमक्या देतात आणि बहुधा दोघांनींही तो वाचलेला नसतो. प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० सालचा कायदा आहे. त्याच्या ११ व्या कलमांत, अवाजवी आंखूड किंवा अवाजवी जड साखळीनें प्राण्यास फार वेळ बांधून ठेवणें हा अपराध मानला आहे. पुरेसें अन्न, पाणी व निवारा न देणें हाही अपराध आहे. आणि जो कुत्रा नेहमीं बांधलेला किंवा कोंडलेला असतो त्यास वाजवी व्यायाम न देणें हा तर शब्दशः निराळा अपराध म्हणून नमूद आहे. म्हणजे ज्या कुत्र्याच्या आवाजाची शेजारी तक्रार करतो, त्याच कुत्र्याच्या बाजूनें कायदा आधींच उभा आहे. आवाजापुरतें बोलावयाचें तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. उलटपक्षीं, कुत्रा पाळण्यासच बंदी करणारे ठराव सोसायट्यांस करतां येत नाहींत, असें भारतीय प्राणिकल्याण मंडळानें २०१५ सालीं स्पष्ट केलें आहे. आणि विष घालणाऱ्यांनीं हें पक्कें ध्यानांत धरावें कीं, १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमान्वयें प्राण्यास ठार मारणें, विष घालणें किंवा लुळा करणें यास पांच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. कायद्याची गोष्ट सोडली तरी तें कृत्य नीचपणाचें आहे. ज्यानें अपराध केला तो मालक सुखरूप राहतो, आणि ज्याचा अपराध नाहीं तो कुत्रा तडफडून मरतो. तक्रारींस कंटाळून कुत्र्यास गाडींत घालून गांवाबाहेर सोडून येणारा मालकही त्याच पंक्तीस बसतो. उपासमार होईल अशा स्थितींत प्राणी टाकून देणें हाही १९६० च्या कायद्यानें अपराधच आहे.

यावर दोन आक्षेप येतील. कोणी म्हणेल, जेथें माणसांचे हाल कुत्रा खात नाहीं, तेथें कुत्र्याच्या हालांचें कौतुक कसलें? आमचें उत्तर असें कीं, दया ही तिजोरींतली रोकड नव्हे, कीं एकास दिली म्हणजे दुसऱ्यास कमी पडावी. शिवाय येथें माणसाचें व कुत्र्याचें हित परस्परविरुद्ध नाहींच. कुत्र्यास सावली, पाणी व सोबत मिळाली तर झोप मिळणार ती शेजाऱ्यासच. दुसरा आक्षेप असा कीं, परक्याच्या घरांत डोकावूं नये. हा युक्तिवाद आम्हांस चांगला परिचित आहे. सुनेचा छळ, बायकोस मारझोड, पोरास कोंडून ठेवणें हीं सर्व पापें एके काळीं याच उंबऱ्याआड झांकलीं जात होतीं. ज्याचें रडणें रस्त्यावर ऐकूं येतें तें केवळ घरांतलें राहिलेलें नसतें.

मग करावें काय? शेजाऱ्यानें रात्रीं रागाच्या भरांत खिडकींतून ओरडूं नये. चार दिवस कुत्रा केव्हां व किती वेळ ओरडतो याचें टिपण ठेवून दिवसा, शांतपणें मालकाकडे जावें. दिवसभर बाहेर असणाऱ्या मालकास आपल्या मागें काय चालतें हें पुष्कळदां खरोखरच ठाऊक नसतें. 'तुमच्या कुत्र्याचा त्रास होतो' यापेक्षां 'तुमचा कुत्रा फार कष्टी दिसतो' या वाक्यानें दार लवकर उघडतें. जमत असेल तर संध्याकाळीं त्यास फिरवून आणण्याची तयारीही दाखवावी. मालकानें सकाळ-संध्याकाळ कुत्रा फिरवावा, रात्रीं घरांत घ्यावा, सावली व न कलंडणारें पाण्याचें भांडें द्यावें, पशुवैद्यास दाखवावें, आणि भुंकल्याबद्दल मारण्याऐवजीं गप्प राहिल्याबद्दल खाऊ द्यावा. इतकें करूनही एखादा कुत्रा सवयीनें भुंकेल. तेथें शेजाऱ्यानेंही थोडें सोसावें. परंतु मालक ऐकतच नसेल, तर सोसायटी, महानगरपालिका, पोलीस व प्राणिक्लेशनिवारण संस्था यांच्याकडे जाण्यास संकोच करूं नये. मुंबईंत अशी संस्था १८७४ सालींच निघाली. आणि प्रत्येक जिल्ह्यांत ती असावी असें २००१ सालच्या नियमांत सांगितलें आहे. आपल्या जिल्ह्यांत ती कागदावर आहे कीं कामावर आहे, हें नागरिकांनीं एकदां विचारून पाहावें.

अधिकाऱ्यांकडे आमचें मागणें दोन गोष्टींचें आहे. कुत्र्याचा परवाना देतांना महानगरपालिका रेबीजच्या लसीचा दाखला पाहते, हें योग्यच आहे. त्याच वेळीं कुत्रा कोठें निजतो, दिवसा त्याजवळ कोण असतें आणि त्यास कोण फिरवितें, एवढे तीन प्रश्न तिनें विचारावे व एकदां येऊन पाहून जावें. दुसरें, १९६० च्या कायद्यानें क्रूरतेच्या पहिल्या अपराधास ठेविलेला दंड अवघा १० ते ५० रुपये आहे. एवढ्या रकमेंत आज कुत्र्याच्या गळ्याचा पट्टाही येत नाहीं. ज्या दंडाची भीति नाहीं तो दंड नव्हे, ती परवान्याची फी होय. तो वाढविलाच पाहिजे.

परंतु कायदा सुधारण्याची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. साखळी सोडण्यास कोणत्याही ठरावाची जरूर लागत नाहीं, आणि भांडेंभर पाणी ठेवण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. ज्याच्या दारीं कुत्रा बांधलेला आहे त्यानें आज रात्रीं निजण्यापूर्वीं एकदां त्याच्या जागेकडे दिवा घेऊन जावें आणि येथें आपणांस रात्र काढतां येईल काय, हें स्वतःस विचारावें. उत्तर नकारार्थी आलें, तर शेजाऱ्याच्या तक्रारीचें उत्तरही त्यास त्याच ठिकाणीं मिळेल.