मखमली पेटीतले अभय

दिवाळीत पोरांनी टिकल्यांचे पिस्तूल खुशाल उडवावे. पण २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास बायकांसाठी ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर काढले, ते दागिन्यासारखे किरमिजी पेटीत घालून! वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात. निमित्त २०१२ च्या दिल्लीतील अत्याचाराचे. अहो, त्या मुलीला हवी होती घरी नेणारी धड बस!

आणि मोखाड्याच्या बाईचे काय? तिच्याच तालुक्यातील मध्य वैतरणेचे पाणी मुंबईला जाते. ही उन्हाळ्यात हंडे घेऊन डोंगर चढते. हात हंड्याला गुंतलेले असता हिने घोडा ओढावा कसा? उद्या सवलतीत द्याल, गुलाबी रंगात द्याल. १९५९ च्या कायद्याचा परवाना तरी लागेलच. त्या अर्जासाठी जायला आधी तिला वेळेवर एस.टी. द्या.